आदल्या दिवशीचा बालेकिल्ला

रिबकामावशी आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा चहाला हो-नाही म्हणायच्या आधी त्यांनी विचारलं, "तुमचा बालेकिल्ला कुठंय?"

आम्ही हाउन्सलोच्या त्या घरात नुकतेच राहायला आलो होतो. खोकी अजून फुटायची होती. मला वाटलं, जुन्या पिढीचा काहीतरी आडवळणी, सभ्य शब्द असेल. म्हणून मी त्यांना अदबीनं जिन्याखालच्या टॉयलेटकडे घेऊन गेलो, दार उघडलं आणि दिवाही लावून दिला. त्यांनी आत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"इथं कोण लढणार?" त्या म्हणाल्या.

मग काठी टेकत स्वतःच जिना चढून गेल्या, शिडी ओढून घेतली आणि पंचाहत्तरीच्या आसपासची ती बाई आमच्या लॉफ्टमध्ये शिरली. तिथं माझी न वापरलेली व्यायामाची सायकल होती आणि चाकं मोडलेल्या बॅगा होत्या. वरूनच आवाज आला, "हा तुमचा बालेकिल्ला. सगळं पडलं तरी शेवटी इथून लढायचं असतं. आणि तू इथं भंगार भरलंयस."

त्या आमच्या शेजारी. मधली भिंत सामाईक, त्यामुळं ओळख व्हायला वेळ लागला नाही. अंगानं अगदी लहान, अंगात बाराही महिने लाल लोकरी कोट, आणि आवाज मात्र तीस मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. इथल्याच एका शाळेत त्यांनी भूगोल शिकवण्यात हयात घालवली होती. कुठल्याही गावात गेलं की त्या आधी तिथला उंचवटा शोधायच्या. वॉटफर्डला गेल्या की म्हणायच्या, "बिचाऱ्यांना बालेकिल्ल्याला जागाच नाही." हीथ्रोबद्दल त्यांचं मत असं होतं की सपाट जागा पाहिली की माणसांना तिथून पळून जावंसं वाटतं, म्हणून तिथं विमानतळ केला. मी त्याच विमानतळाच्या कार्गोत नोकरी करतो हे त्यांना माहीत होतं, म्हणूनच त्या ते माझ्यासमोर म्हणायच्या.

एकदा मी त्यांच्याबरोबर बसनं जात होतो. ड्रायव्हर टक्कल पडलेला, धिप्पाड माणूस. मावशी चढल्या तसा तो सीटवरच सावरून बसला आणि नकाशावरच्या उंचीच्या रेषांचा शाळेतला धडा म्हणून दाखवला, "मिस थळकर! कंटूर लाइन्स नेव्हर क्रॉस, मिस."

"अनलेस?" मावशी म्हणाल्या.

मागं रांग लागली होती. ड्रायव्हरनं कपाळाला आठ्या घातल्या. रांगेतला एक जण काहीतरी पुटपुटला. "अनलेस देअर्स अॅन ओव्हरहँगिंग क्लिफ, मिस," ड्रायव्हर म्हणाला, आणि मगच मावशींनी आपला पास यंत्राला टेकवला.

आमच्या मराठी मंडळाला त्यांचा उलगडा काही होत नव्हता. आडनाव थळकर म्हणजे अलिबागकडचे, हे ठीक. पण नाव रिबका. मंडळाचे अध्यक्ष दामले यांनी पहिल्या भेटीत विचारलं, ख्रिश्चन का? मावशी म्हणाल्या, नाही. मग? मावशी म्हणाल्या, "शनिवार तेली." दामल्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि पुढची कितीतरी वर्षं ते लोकांना सांगत राहिले की थळकरबाई तेली समाजाच्या आहेत आणि बहुधा शनीचा उपास करतात.

खरं म्हणजे मावशी बेने इस्राएल, कोकणातल्या ज्यू. त्यांचे पूर्वज कुठल्या तरी जुन्या काळी गलबत फुटून कोकण किनाऱ्याला लागले, तिथंच राहिले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि मराठी बोलू लागले. शनिवारी मात्र काम बंद. म्हणून गावानं नाव ठेवलं शनिवार तेली. "आमचा बैलसुद्धा शनिवारी सुटीवर असायचा," मावशी सांगायच्या. "गावातला तेवढाच एक सरकारी नोकर." हा शनिवार त्यांनी इंग्लंडातही सोडला नव्हता. आणि आमच्या मंडळाची दिवाळी, हॉल स्वस्तात मिळतो म्हणून, नेहमी शनिवारी असायची. त्यामुळं गणपतीला, संक्रांतीला त्या यायच्या, पण दिवाळीला कधीच नाही. का, ते मंडळात कधी कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही.

मला त्यांनी हे सांगितलं ते एका रविवारी, संग्रहालयात जाताना.

आमची मुलगी इरा तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. मावशी तिला आणि आम्हा दोघांना लंडनच्या मोठ्या संग्रहालयात घेऊन गेल्या. ममी वगैरे बघायची आमची इच्छा होती. मावशींनी आम्हाला ममींच्या अंगावरून, थांबू न देता, थेट एका लांबट खोलीत नेलं. भिंतीभर करड्या दगडाच्या कोरीव फळ्या. एका किल्ल्यावर हल्ला चालला आहे. धनुर्धारी आहेत, गोफणवाले आहेत, मातीचा भलामोठा उतार रचून त्यावरून चाकांच्या गाड्या तटावर चढवल्या आहेत, तटावरून जळते पलिते खाली पडताहेत. एका कडेला बायका-मुलं बैलगाडीत बसून गाव सोडून चालली आहेत. आणि दुसऱ्या कडेला सिंहासनावर जिंकणारा राजा, पण त्याचं तोंड कुणीतरी नंतर खरवडून काढलेलं.

"हा लाखीश," मावशी म्हणाल्या. ओळखीच्या घरी नेऊन दार उघडून द्यावं, तसं म्हणाल्या. "यहूदाच्या, म्हणजे आमच्या पूर्वजांच्या मुलखातला दुसऱ्या नंबरचा किल्ला. टेकडीवर शहर, शहराला दुहेरी तट, आणि मधोमध आणखी उंच चौथऱ्यावर बालेकिल्ला."

माझी बायको साधना म्हणाली की चित्र फार सुंदर कोरलंय. त्यावर मावशींनी काठीनं तो तोंड खरवडलेला राजा दाखवला.

"सुंदर आहेच. पण काढलंय कुणी ते बघ. जिंकणाऱ्यानं. आपल्या राजवाड्यात लावायला. म्हणून किल्ला फक्त पडताना दिसतो. पडायच्या आदल्या दिवशी तो कसा होता, ते कुणी काढलंच नाही."

परतताना पिकॅडिली लाइनमध्ये साधनानं सहज सांगितलं की यंदा हॉलवाल्यांनी शनिवार दुसऱ्या कुणाच्या लग्नाला दिला, त्यामुळं मंडळाची दिवाळी रविवारी आहे. मुलांसाठी किल्ले बांधायची स्पर्धाही आहे. तुम्ही याल का?

मावशींनी हातातली काठी आडवी करून मांडीवर ठेवली. एक-दोन स्टेशनं गेली असतील. मग त्या माझ्याकडे वळल्या. नाताळाच्या आधी त्या एडिनबराला, लेकीकडं, कायमच्या राहायला जाणार होत्या. घर विकायला काढलेलं होतं. हे आम्हाला माहीत होतं आणि त्याबद्दल आम्ही कोणी बोलत नव्हतो.

"अवी, मंडळात मी गेले की लोक मला काय म्हणतात?"

"काय म्हणतात?"

"'अय्या, तुमचं मराठी किती छान आहे हो.' दर वेळी. चाळीस वर्षं. तुला कधी कुणी म्हणालं, तुझं मराठी छान आहे म्हणून?"

"नाही."

"का नाही?"

"छान नाही म्हणून."

"नव्हे," मावशी म्हणाल्या. "तुझं आहे म्हणून."

एवढं बोलून त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर बोगदा होता, दिसण्यासारखं काही नव्हतं. उतरताना त्यांनी जाहीर केलं, "इरा, आपण लाखीश बांधायचा. आदल्या दिवशीचा."

स्पर्धेत नाव नोंदवायचं काम दामल्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. दामले शहरातल्या बँकेतून निवृत्त झालेले. तरुणपणी सह्याद्री फिरलेले, आणि त्या फिरण्याची आठवण म्हणून कुर्त्याखाली ट्रेकिंगचे बूट घालणारे. त्यांनी मावशींना फोन केला तेव्हा मी मावशींच्याच स्वयंपाकघरात, सिंकखाली उताणा पडून नळ दुरुस्त करत होतो. म्हणजे, आधी जो नुसताच ठिबकत होता तो आता माझ्या प्रयत्नांनी वाहत होता. मावशींची बाजू तेवढी मला ऐकू येत होती.

"लाखीश," मावशी म्हणाल्या. "ला, खी, श. हो, हो... कुठलं म्हणता? अलिबाग. नाही, अगदी अलिबाग नव्हे, जवळ, थळ... हो, समुद्राकडं."

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "चांगला माणूस आहे. माझं गाव विचारत होता."

सिंकखालून मी 'हं' म्हणायला तोंड उघडलं आणि ते पाण्यानं भरलं.

लाखीश मावशींच्या मागच्या बागेत बांधला गेला. लंडनची माती चिकट, चिखलासारखी, तिच्यावर इथले बागवाले कायम चिडलेले असतात. मावशी म्हणाल्या, ही माती देवानं फुलांसाठी केलेलीच नाही, तटबंदीसाठी केलीय. शेडचं एक जुनं दार आडवं टाकून त्यावर टेकडी रचली. माती उपसायचं काम माझं. साधना कुंपणावरून बघत म्हणाली, "अरे, आपल्या बागेत कधी कुदळ धरली नाहीस." मी म्हटलं, आपल्या बागेत शत्रू येत नाही. कमरेतून उठता येईना म्हणून तेवढंच बोलून घेतलं.

हिरवळीसाठी मावशींनी टेकडीच्या उतारावर हळीव पेरले. बाळंतिणीच्या लाडवातले तेच हळीव इथं बागेच्या दुकानात 'क्रेस' म्हणून पाकिटात मिळतात, आणि इंग्रज ते अंड्याच्या सँडविचमध्ये घालतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. चार-सहा दिवसांत टेकडी हिरवी झाली. मावशींनी तट उभारला, आत दुसरा तट, बुरूज, कोपऱ्यात खोल विहीर आणि मधोमध चौथरा. चौथऱ्यावरचा बालेकिल्ला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. भूगोलाच्या बाई त्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बटर लावायच्या सुरीनं एकेक कड घासून काढली.

टेकडीच्या एका अंगाला त्यांनी शत्रूचा मातीचा उतारही रचायला घेतला, पण अर्धाच. इरा त्याकडे बघत राहिली. ही मुलगी इथंच जन्मलेली, तिचं मराठी आमच्या घराबाहेर फारसं फिरलेलं नाही.

"पण मावशी, उद्या ती पडणार ना, किल्ला?"

"तो किल्ला."

"तो पडणार ना?"

"उद्या," मावशी म्हणाल्या. "आज नाही."

एक भानगड उरली होती. दिवाळीतल्या किल्ल्यावर सगळ्यात वर, सिंहासनावर, महाराज हवेत. मंडळाच्या नियमातच होतं ते. मातीची छोटी, घोड्यावर बसलेली मूर्ती इराच्या आजीनं पुण्याहून पाठवली होती. मावशी म्हणाल्या, जो किल्ला महाराजांनी जिंकला नाही त्यावर त्यांना बसवणं म्हणजे त्यांच्या नावावर खोटं खपवणं, आणि ते त्यांना आवडलं नसतं. मग कुठं ठेवायचे? साधनाचं म्हणणं, नियम म्हणजे नियम. इरा रडकुंडीला आली. मावशींनी मूर्ती हातात घेतली, तिच्यावरची धूळ कोटाच्या बाहीनं पुसली आणि टेकडीच्या पायथ्याशी, दरवाजाकडं जाणाऱ्या वाटेवर, घोड्याचं तोंड वर करून ठेवली.

"पाहुणे आलेत," त्या म्हणाल्या. "गड बघायला. किल्ल्यातलं कळणारा माणूस आहे, बघू दे त्यांना निवांत."

रविवारी मी ऑफिसातल्या एकाची व्हॅन मागून आणली. हाउन्सलो ते मंडळाचा वॉटफर्डमधला हॉल हा रस्ता मी शेकडो वेळा केला असेल, पण मागे किल्ला घेऊन पहिल्यांदाच. मोटरवेवर मी इतका सावकाश चाललो होतो की लॉऱ्यांनी हॉर्न वाजवून माझ्या सगळ्या घराण्याचा उद्धार केला. मावशी शेजारी बसून मान वळवून मागं बघत होत्या आणि प्रत्येक खड्ड्याला एकेका भागाची खबर देत होत्या. तट शाबूत. विहीर शाबूत. शेवटच्या राउंडअबाउटला मी जरा घाईनं वळलो आणि उत्तरेचा बुरूज गेला.

हॉलच्या कार पार्कमध्ये व्हॅनची दारं उघडून आम्ही चौघं त्या खिंडाराकडे बघत उभे राहिलो. माती तिथं मिळणार कुठून, सगळं डांबर. मावशींनी साधनाच्या हातातल्या डब्याकडं पाहिलं. साधना म्हणाली, "नाही हं." पण तोवर मावशींनी बेसनाचे तीन लाडू काढून घेतले होते. बुरूज पुन्हा उभा राहिला, रंगही अगदी मातीचा, फक्त वेलचीचा वास येत होता.

आत टेबलांवर किल्ले मांडलेले. प्रतापगड, सिंधुदुर्ग, दोन राजगड, आणि एक शिवनेरी ज्यावर प्लास्टिकचा डायनासोर पहारा देत होता. आमच्या टेबलावर दामल्यांनी आधीच सुबक अक्षरात कार्ड लावून ठेवलं होतं, 'लाखीश गड, तालुका अलिबाग'.

मी कार्ड वाचलं. साधनानं वाचलं. सिंकखाली ऐकलेला अर्धा फोन माझ्या डोक्यात आता पूर्ण झाला. मी मावशींना सांगायला वळलो, तर त्यांनीही ते वाचलेलं होतं.  त्या कोटाची बटणं लावत उभ्या होत्या.

दामले परीक्षक म्हणून टेबलाटेबलाशी फिरत होते. आमच्यापाशी आले आणि थांबले ते थांबलेच. खाली वाकले, बाजूनं बघितलं, मागं जाऊन बघितलं. महाराज खाली का, असं त्यांनी विचारलं. गड बघायला आलेत, असं इरानं सांगितलं. त्यावर ते इतके खूश झाले की त्यांनी तिचा गालगुच्चा घेतला. निकालाच्या वेळी त्यांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले की पहिला नंबर द्यायला त्यांना एक क्षणही विचार करावा लागला नाही. असा कमी माहितीतला दुर्ग निवडल्याबद्दल थळकरबाईंचं कौतुक. "हा लाखीश मी स्वतः चढलोय. नव्वदच्या सुमाराला, भर पावसात. वरच्या विहिरीचं पाणी काय गोड आहे म्हणून सांगू."

टाळ्या पडल्या. इरानं माझा हात घट्ट धरला. चषक पुढं आला. मावशी स्टेजवर गेल्या आणि मला कळलं की आता त्यांनी नुसतं 'थँक यू' म्हटलं तर सगळं गोड होतं. पहिला नंबर, चाळीस वर्षांत पहिली दिवाळी, दामल्यांची अब्रू. पण मग तो किल्ला अलिबागचा म्हणून जिंकला असता, लाखीश म्हणून नाही.

मावशींनी चषक न घेता माइक घेतला.

"दामलेसाहेब, लाखीश अलिबागला नाही. अलिबागची मी आहे."

हॉलमध्ये कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मावशींनी शांतपणे सांगितलं की लाखीश दूर देशातला, त्यांच्या पूर्वजांच्या मुलखातला. फार जुना. कुठंही न अडखळता, भूगोलाच्या तासाला सांगावं तसं सांगितलं. दामल्यांच्या कानांचा रंग बदलत गेला. मागच्या रांगेतून एक आवाज आला, वाईट हेतूनं नाही, नुसताच आला. "पण मग तो आपला किल्ला नाही ना."

"थांबा," मावशी म्हणाल्या. "दामल्यांना हसू नका. ते चुकले नाहीत. मीही सात वर्षांची होईपर्यंत लाखीश अलिबागजवळच आहे, असं समजत होते. कुलाबा, मग कोर्लई, मग लाखीश. आमचे आजोबा घाण्यावर बसून त्याची गोष्ट सांगायचे. तट म्हणायचे, बुरूज म्हणायचे, माची म्हणायचे, बालेकिल्ला म्हणायचे. त्यांनी समुद्रापलीकडचा एकही किल्ला पाहिला नव्हता. त्यांना दुसरे शब्दच येत नव्हते. मग मला कसं कळावं, तो दुसऱ्या कुणाचा आहे म्हणून? शाळेत नकाशात शोधला, सापडला नाही, तेव्हा मी रडले. आजोबा म्हणाले, नकाशात नसू दे, आपल्या बोलण्यात आहे ना."

मग माइक तसाच हातात धरून त्या खाली उतरल्या, टेबलापाशी आल्या, आणि काठीच्या टोकानं दाखवत गेल्या. हा तट. ही माची. ही विहीर. हा दरवाजा, सरळ नाही, वळून आत जाणारा. आणि हा बालेकिल्ला. आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जात होता, माइकची खरं तर गरजच नव्हती.

सगळे दामल्यांकडे बघत होते. दामले स्टेजवर चषक धरून उभे. मला वाटलं, आता हा माणूस नियमांचा कागद काढतो. पण ते सावकाश पायऱ्या उतरले, ट्रेकिंगच्या बुटांचा करकर आवाज करत टेबलाशी आले आणि दरवाजासमोर गुडघ्यावर बसले.

"वळवून का घेतलाय?"

"वर येणाऱ्याच्या डाव्या हातात ढाल," मावशी म्हणाल्या. "वाट अशी फिरवली की त्याची उजवी बाजू तटाखाली उघडी पडते."

दामल्यांनी बोटानं ती वाट हवेतच गिरवली. पायथ्याच्या महाराजांपासून वर, वळणावरून आत, चौथऱ्यापर्यंत. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. त्यात बँक नव्हती, अध्यक्षपण नव्हतं, कुठल्या तरी पावसात भिजलेला एक पोरगा होता.

"आपल्याकडचा गोमुखी दरवाजाच हा," ते म्हणाले. मग उठले आणि मावशींच्या हातातला माइक हळूच आपल्या तोंडाकडे ओढला. "मी हा किल्ला चढलेलो नाही. चढायला पाहिजे होता. किल्लाच आहे हा. पहिला नंबर, लाखीश. तालुका... तालुका राहू दे."

त्या टाळ्या मी विसरणार नाही. इरा खुर्चीवर उभी राहिली. साधना रडत होती आणि लाडवांच्या डब्याचं झाकण लावायचा प्रयत्न करत होती. मावशींना चषक मिळाला. त्या गर्दीत, धाप लागलेल्या, लालबुंद, कुणाला तरी सांगत होत्या, "आणि ही बुरजं बघा, ही बुरजं..."

"बुरजं नव्हे हो," दामले मागून म्हणाले, अगदी सवयीनं. "बुरूज. अनेकवचनसुद्धा बुरूजच. तुमच्यासारख्यांनी असं चुकीचं बोललं तर मुलांनी काय शिकायचं?"

मावशी वळल्या. मी त्यांना चषक घेताना पाहिलं होतं, त्यापेक्षा हा चेहरा कितीतरी वेगळा होता.

"अवी," त्या गर्दीतून ओरडल्या. "ऐकलंस का? चूक काढली त्यांनी माझी!"

घरी जाताना वाटेभर त्या अधूनमधून स्वतःशीच म्हणत होत्या, बुरूज, बुरूज. रिकाम्या व्हॅनमध्ये मागं काही हललं तरी वळून बघत नव्हत्या. किल्ला त्यांनी हॉललाच दिला होता. नंतर कळलं की उत्तरेचा बुरूज मुलांनी तिथंच खाल्ला.

नाताळाआधी त्या एडिनबराला गेल्या. निघायच्या आदल्या दिवशी आमच्या लॉफ्टमध्ये चढून बघून गेल्या. मी भंगार काढून टाकलं होतं आणि तिथं, वेढा पडलाच तर म्हणून, तांदळाची एक गोणी ठेवली होती. त्यांनी गोणीवर हात फिरवला.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही त्यांना भेटायला गेलो. त्यांच्या लेकीनं दारातच मला बाजूला घेऊन बजावलं की डॉक्टरांनी चढ मना केलाय, छाती ठीक नाही. आत मावशी कोट घालून तयार बसल्या होत्या. चल, म्हणाल्या, गड दाखवते. मी म्हटलं, मावशी, डॉक्टर काय म्हणालेत? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा टॉयलेटचं दार उघडून उभा आहे असं मला वाटलं.

"उद्या," त्या म्हणाल्या. "आज नाही."

एडिनबराचा किल्ला ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे की शहर म्हणजे माची आणि वर काळ्या खडकावर बालेकिल्ला. त्यांना तिथं राहायला मिळालं हा कुणाचा तरी फार चांगला हिशेब असणार. दगडी चढ त्या एका लयीत चढत होत्या. चार पावलं, थांबायचं, मागं वळून बघायचं आणि म्हणायचं, इथून उजवी बाजू उघडी पडते. मी छत्तीस विश्रांत्या घेतल्या असतील, पण त्यांच्यामुळं थांबतोय असं दाखवत राहिलो. शेवटच्या दरवाजाशी मी गुडघ्यांवर हात टेकवून उभा राहिलो. इराला त्यांच्याबरोबर पुढं जायचं होतं. मावशी म्हणाल्या, नको, तू बापाला सांभाळ, तो माचीवरच पडलाय.

पुढच्या मार्चात त्या गेल्या. त्यांच्या लेकीचा फोन आला तेव्हा मला त्यांचा जो चेहरा आठवला, तो गडावरच्या त्या दिवसाचाच.

मी वर पाहिलं तेव्हा त्या तटाशी पोचल्या होत्या. वाऱ्यात लाल कोट फडफडत होता. आजूबाजूला सगळ्या जगातले पर्यटक फोटो काढत होते. मावशींनी पर्स उघडली, आतून काहीतरी काढलं आणि कोटाच्या बाहीनं पुसलं. ती इराची मातीची मूर्ती होती. ती त्यांच्याकडं राहिलीय हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. त्यांनी ती तटाच्या दगडावर ठेवली, घोड्याचं तोंड वरच्या बालेकिल्ल्याकडं फिरवलं आणि वारा लागू नये म्हणून तिच्यामागं आपल्या हाताचा आडोसा धरला.

मग खाली माझ्याकडं बघून, त्या शेवटच्या बाकापर्यंत जाणाऱ्या आवाजात, सगळ्या एडिनबराला ऐकू जाईल असं त्या मराठीत म्हणाल्या, "अवी, घाई करू नकोस. पाहुणे बघताहेत अजून."